जोड ताणून बघता, भिजवून कोण बघणार?

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय जगणं नाही. पण कूलरच्या टाकीकडे कधी नीट बघितलंत? पत्र्याला जिथे पितळी नळ बसवलाय, तिथे गंज लवकर धरतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीच झाली!

आता पोलाद आणि मॅग्नेशियम घ्या. गाडी हलकी करायची तर ही जोडी हवीच. पण पोलाद वितळतं १५०० अंशांच्या आसपास, आणि मॅग्नेशियम १०९० लाच उकळतं! शिवाय दोघं एकमेकांत विरघळत नाहीत. म्हणून मध्ये जस्त किंवा निकेलचा थर देतात, नाहीतर १९९१ साली इंग्लंडमध्ये निघालेलं, धातू न वितळवता जोडणारं फ्रिक्शन स्टर वेल्डिंग वापरतात.

जोड जमला, तरी ओल लागली की आधी मॅग्नेशियमच खाल्लं जातं. आणि आपण प्रोजेक्टमध्ये काय करतो? यूटीएमवर तुकडा ताणला, आकडा आला, की रिपोर्ट बाइंडिंगला!

माझं म्हणणं एवढंच, की निम्मे तुकडे काही दिवस मिठाच्या पाण्यात ठेवा, मग ताणा. आकडा कमी येईल, पण खरा येईल. आणि सर, व्हायवात हा प्रश्न जरूर विचारा!