पायांत बळ नसलेली घोडेस्वार

घोडा म्हटला की आपल्यापुढे शर्यतीचा घोडा येतो, नाही तर वरातीतला. आज आम्ही लिहिणार आहोत ते तिसऱ्याच घोड्याविषयी. त्या खेळाला ड्रेसेज म्हणतात. 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद मैदानात घोडा आणि स्वार दोघेच. पळायची घाई नाही, अडथळे ओलांडायचे नाहीत. घोड्याने ठरल्या जागी चाल बदलायची, वर्तुळ घ्यायचे, तिरके सरकायचे, जागच्या जागी दुडकायचे. प्रत्येक हालचालीला परीक्षक 0 ते 10 गुण देतात. स्वार घोड्याला काय सांगतो ते बघणाऱ्याला दिसता कामा नये, ही खरी कसोटी. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी, त्यांत दोन तरुणी होत्या, याच प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. खेळ फार खर्चाचा, हे खरे. पण त्यातली विद्या समजून घ्यायला पैसे पडत नाहीत.

सुमारे पाचशे किलोचे जनावर ओढून-ताणून वळत नाही. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवून तो तिला उडवितो. मग स्वाराने श्वास कोंडला, कंबर आखडली, एका बाजूला भार टाकला, हे त्याला कळणारच. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा. हंडा जरा कलला की पाऊल आपोआप त्याच बाजूला पडते. घोड्याचेही तसेच. स्वार जिकडे कलतो, तिकडे तो तोल सावरायला जातो.

म्हणून चांगल्या शाळेत नवशिक्याच्या हाती आधी लगाम देतच नाहीत. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये शिकाऊ स्वाराला लांब दोरीवर फिरणाऱ्या घोड्यावर, लगाम आणि रिकिबीशिवाय, कित्येक महिने बसवितात. ज्याला स्वतःचा तोल नाही तो लगामाला लोंबकळतो आणि दुखते घोड्याच्या तोंडाला. दुसरी गोष्ट सोडण्याची. टाचेचा हलका दाब दिला, घोडा सरकला, की दाब त्याच क्षणी काढायचा. दाब सुटला म्हणजे घोड्याला उमगते, आपण केले ते बरोबर. सोडायला जो विसरतो त्याला उद्या जास्त दाबावे लागते, आणि परवा चाबूक हाती येतो.

चाबकावरून आठवले. ब्रिटनची शार्लट डुजार्डिन, सहा ऑलिम्पिक पदकांची धनी. शिकविताना घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक ओढतानाची तिची चित्रफीत बाहेर आली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून तिने माघार घेतली. पुढे वर्षभराची बंदी झाली. इतकी कसबी बाई! आम्हाला वाईट वाटले, पण बंदी योग्यच होती.

ऑलिम्पिकमध्ये 1948 पर्यंत हा खेळ प्रामुख्याने लष्करी अधिकाऱ्यांचा होता. शिपाई, सार्जंट आणि स्त्रिया यांना मज्जाव. 1948 ला लंडनमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले, पुढच्या वर्षी ते काढून घेतले. कारण काय? संघातला गेनॅल पेर्सन हा अधिकारी नव्हता, सार्जंट होता. स्पर्धेपुरती त्याला बढती दिलेली. खोट त्याच्या स्वारीत निघाली नाही, हुद्द्यात निघाली. घोड्यावर कोणी बसायचे हे ठरविणारे सगळीकडे असतात. आमच्या वाचकांना ते वेगळे सांगायला नको. 1952 ला नियम बदलला आणि त्याच वर्षी हेलसिंकीत चार स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या.

त्यांतली एक डेन्मार्कची लिस हार्टेल. 1944 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, गरोदर असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप झाली, पण गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले; हातांतही पहिली ताकद राहिली नाही. पोलिओने पाय गेलेली माणसे आपल्याही वस्त्यांत आहेत, त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागते ते आम्ही जाणतो. लिसलाही घोडा विसरायला सांगितले गेले. ती कुबड्यांवर चालायला शिकली आणि तिला उचलून घोड्यावर बसवू लागले. टाचेने काही सांगणे शक्यच नव्हते. मग ज्युबिली या घोडीला तिने कंबरेचा आणि पाठीचा हलका भार ओळखायला शिकविले. बाकीचे स्वार वर्षानुवर्षे जे साधायला धडपडतात, तेवढेच हिच्या हाती उरले होते. ज्युबिलीला मात्र ते पुरले.

हेलसिंकीत लिसला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण जिंकणाऱ्या स्वीडनच्या आँरी सां-सीरने तिला हात देऊन विजयमंचावर चढविले. 1956 चे ऑलिम्पिक मेलबर्नचे, परंतु ऑस्ट्रेलियात परदेशी घोड्यांवर कडक निर्बंध असल्याने घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली. तिथेही लिस आणि ज्युबिली दुसऱ्या आल्या. सांघिक सुवर्ण 1952 आणि 1956, दोन्ही वेळा स्वीडनने नेले, आणि दोन्ही संघांत पेर्सन होता.