धाडस की आगाऊपणा?

दिवाळीची सुटी संपवून आम्ही पाच मराठी कॅडेट पुण्याहून शाळेत परत येत होतो. सोबतीला एका मित्राचे वडील होते. कोणत्याही स्टेशनवर खाली उतरायचे नाही, असे काकांनी आम्हाला भुसावळलाच बजावले होते. सकाळी गाडी इटारसीला थांबली. काका तोंड धुवायला गेले आणि मी दोन रिकाम्या बाटल्या घेऊन फलाटावर उतरलो.

पाणी तर डब्यातही विकत मिळत होते. खरे कारण वेगळेच होते. सहावीतल्या एका मुलाने विचारले होते, "दादा, गाडी सुटली तर?" मी ऐटीत म्हणालो होतो, "सुटली तर धावत पकडीन."

नळावर गर्दी होती. दुसरी बाटली भरताना मागे पाहिले, तर आमचा डबा सरकू लागला होता. शिट्टी झाली असेल, पण त्या गोंगाटात मला ऐकूच आली नाही. मी धावत सुटलो. शंभर मीटर मी १४ सेकंदांत धावतो, म्हणजे ताशी साधारण २५ किलोमीटर. गाडीचा वेग त्याहून कमी होता, त्यामुळे मी दारापर्यंत सहज पोचलो. पण चालत्या गाडीला गाठणे वेगळे आणि तिच्यात चढणे वेगळे. एका हातात बाटल्या, दुसरा हात ओला. दांडी धरली आणि हात घसरला. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, आणि खाली फलाट व डबा यांच्यामधली फट. एका अनोळखी प्रवाशाने मला शर्टाला धरून आत ओढले.

त्यांच्या मागे तो सहावीतला मुलगा उभा होता. म्हणाला, "दादा, मी तुला हात द्यायला आलो होतो."

तेव्हा मात्र माझे पाय लटपटू लागले. ते प्रवासी आधी पोचले नसते, तर मी त्याचाच हात धरला असता आणि माझ्या वजनाने तोही खाली ओढला गेला असता.

हॉस्टेलवर पोचल्यावर मी ही गोष्ट मित्रांना रंगवून सांगितली. सगळे हसले, कुणी पाठ थोपटली. त्या मुलाबद्दल मात्र मी एक अक्षरही बोललो नाही. म्हणजे मी काय केले होते, ते मला पक्के ठाऊक होते.

आपल्याला धोका पत्करायला शिकवतात, असे आपण अभिमानाने सांगतो. पण ऑब्स्टॅकल कोर्सवर उस्ताद आधी दोर ओढून पाहतात, हात कोरडे करायला लावतात आणि पुढचा कॅडेट उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढू देत नाहीत. तिथे धोका असतो, पण तो कशासाठी पत्करायचा हे ठरलेले असते आणि त्याची तयारीही झालेली असते. इटारसीला माझ्याकडे यातले काहीच नव्हते. होती ती फक्त ऐट. माझ्या मते याला धाडस म्हणणे हा धाडसाचा अपमान आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. धावताना माझ्या डोक्यात मरणाची भीती नव्हती, उशिरा हजर झाल्यावर होणाऱ्या शिक्षेची होती. खाली उतरल्याबद्दल शिक्षा जरूर करा. पण सुटलेली गाडी शहाणपणाने सोडून देणाऱ्याला उशिराची शिक्षा होणार नाही, हे सुटीपूर्वीच सर्वांना सांगा.

आणि कॅडेट मित्रांनो, गाडी हलली असेल तर जाऊ द्या. फलाटावरच थांबा. स्टेशन मास्तरांकडे किंवा रेल्वे पोलिसांकडे जा, १३९ वर फोन करा, घरी कळवा. फार तर एक दिवस वाया जाईल.

मागच्या रविवारी मी घरी पत्र लिहून सगळे कळवले आणि काकांना फोन करून माफी मागितली. त्या सहावीतल्या मुलालाही सांगितले, "त्या दिवशी मी मूर्खपणा केला. माझ्यासारखे करू नकोस." तो म्हणाला, "पण दादा, तू पकडलीस ना गाडी!"

म्हणूनच हा लेख लिहिला.