जादा शब्द आणि जागा चुकलेला शब्द

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न असा असतो की वाक्य वाचताना कानाला अगदी सरळ लागते, आणि तरीही ते चूक असते. 'वाक्य सुधारा' किंवा 'चूक ओळखा' असे त्याचे नाव. आपली मुले तिथे अडतात. एखादा शब्द गरज नसताना आलेला असतो, नाही तर शब्द योग्य असून भलत्याच जागी बसलेला असतो. आज या दोन चुकांकडे पाहू.

तलाठी भरतीचीच परीक्षा घ्या. २०२३ साली ४,६४४ जागांसाठी १० लाखांच्या वर अर्ज आले. १०० प्रश्न, २०० गुण, आणि त्यातले २५ प्रश्न म्हणजे ५० गुण इंग्रजीचे. एवढ्या गर्दीत एका प्रश्नाचे दोन गुणही थोडे नाहीत. बरे, या चुका पुष्कळदा आपल्या मराठीच्या सवयीतूनच होतात. त्यामुळे घरात इंग्रजी न येणारी माणसेही त्या पकडायला मदत करू शकतात. ते कसे, हे पुढे सांगतो.

'पिवळा पीतांबर' किंवा 'गाईचे गोमूत्र' म्हटले की आपण हसतो. पीत म्हणजेच पिवळे, आणि 'गो'मध्ये गाय आलीच. 'आय रिटर्न्ड बॅक फ्रॉम द मार्केट' हे वाक्यही पिवळा पीतांबरच आहे. 'रिटर्न' या एका शब्दात 'परत' आणि 'येणे' दोन्ही आहेत. आपल्याकडे 'परत आलो' हे दोन शब्द, म्हणून मुलगा इंग्रजीतही दुसरा शब्द शोधतो आणि 'बॅक' चिकटवतो. 'रिपीट अगेन'ची तीच गत. 'कझिन ब्रदर'बद्दल मात्र मला थोडी सहानुभूती आहे. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, शिवाय बहिणी वेगळ्या. इंग्रजीने या सगळ्यांना एकाच 'कझिन'मध्ये कोंबले. आपल्या माणसाला ते उघडेबोडके वाटते, म्हणून तो भाऊ जोडतो. देशभर लोक तसे बोलतात, बोलू द्या. पेपरात मात्र 'ब्रदर' खोडायचा.

याहून फसवी असते ती जोडशब्दांची चूक. मराठीत 'जरी' आला की 'तरी' हवाच. म्हणून मुलगा लिहितो, 'ऑल्दो इट रेन्ड, बट द वेल रिमेन्ड ड्राय.' पाऊस पडला तरी विहीर कोरडीच राहिली. इंग्रजीत दोघांपैकी एकानेच काम भागते, तेव्हा 'बट' काढा. 'ऑल्दो'बरोबर 'यट' आलेला दिसला तर घाबरू नका, ती जोडी जुन्या व्याकरणांना मान्य आहे. 'समजा, जर पाऊस आला तर' यावरून 'सपोज इफ इट रेन्स' होते. 'सपोज' आणि 'इफ' यांतला एक घरी पाठवा. 'बिकॉज'ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'सो' येतो, तोही आपल्या 'म्हणून'ची सावली.

'जोपर्यंत' तर फारच घात करतो. 'मी येत नाही तोपर्यंत थांब' असे आपण म्हणतो. त्यावरून मुले लिहितात, 'वेट हियर अन्टिल आय डू नॉट कम बॅक.' हा 'नॉट' तिथे नको. यावर सोपा उपाय असा की मराठी वाक्य आधी बदलून घ्यावे : 'मी परत येईपर्यंत थांब.' आता मराठीतलाच 'नाही' गेला, मग इंग्रजीत तो येणार कुठून? 'वेट हियर अन्टिल आय कम बॅक.' यातला 'बॅक' मात्र राहू द्या. 'कम' म्हणजे नुसते येणे, 'परत' त्यात नाही.

हे एकदा कळले की काही मुलांच्या हाती जणू खुरपे येते आणि ती पीकही उपटू लागतात. 'सिट डाऊन'मधला 'डाऊन' जादा नाही, 'स्टँड अप'मधला 'अप'ही नाही. ते रूढ प्रयोग आहेत. 'चूक नाही' हा पर्यायही परीक्षकाने उगाच दिलेला नसतो.

आता जागा चुकलेला शब्द. 'शेतातून येताना मला साप चावला.' मराठीत हे वाक्य कुणालाही खटकत नाही. कोण येत होते हे सगळ्यांना कळते. तेच इंग्रजीत 'कमिंग होम फ्रॉम द फील्ड, अ स्नेक बिट मी' असे लिहिले की शेतातून घरी निघालेला ठरतो साप! इंग्रजीचा नियम असा की असा तुकडा वाक्याच्या आरंभी आला, की स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो त्याला तो चिकटतो. म्हणून लिहावे, 'व्हाइल आय वॉज कमिंग होम फ्रॉम द फील्ड, अ स्नेक बिट मी.'

'ही बॉट अ काऊ फ्रॉम अ फार्मर विथ अ ब्रोकन हॉर्न.' यात शिंग तुटले आहे ते शेतकऱ्याचे! 'तुटक्या शिंगाची गाय' म्हणताना आपला 'ची' गाईकडे बोट दाखवतो, शेतकरी असता तर 'चा' आला असता. इंग्रजीला ही सोय नाही. तिथे शब्दाचे नाते बहुधा त्याच्या जागेवरून ठरते, म्हणून शिंग गाईशेजारी बांधा : 'अ काऊ विथ अ ब्रोकन हॉर्न फ्रॉम अ फार्मर.'

आपला 'च' आणि त्यांचा 'ओन्ली' यांचेही तसेच. 'च' ज्याचा त्याला जाऊन चिकटतो. 'ओन्ली'ला हाताला धरून बसवावे लागते. 'ओन्ली रामा सोल्ड द ओनियन्स ऑन मंडे' म्हणजे रामानेच विकले. 'रामा सोल्ड ओन्ली द ओनियन्स ऑन मंडे' म्हणजे कांदेच विकले. 'रामा सोल्ड द ओनियन्स ओन्ली ऑन मंडे' म्हणजे सोमवारीच विकले. बोलताना इंग्रजही 'ओन्ली' क्रियापदाआधी कुठेही टाकतो आणि आवाजाच्या जोरावर अर्थ सांभाळतो. पेपराला आवाज नसतो.

हा प्रश्न परीक्षेपुरताच आहे असेही नाही. नुकसानीच्या अर्जात 'आय ऑलमोस्ट लॉस्ट टेन बॅग्ज ऑफ सोयाबीन' लिहिले, तर अर्थ होतो की दहा पोती जाता जाता वाचली. 'आय लॉस्ट ऑलमोस्ट टेन बॅग्ज' म्हणजे जवळजवळ दहा पोती गेली. शब्द तेच, पण पहिल्या वाक्यात नुकसान झालेच नाही.

आता घरच्यांचे काम. मुलाला इंग्रजी वाक्य जसेच्या तसे मराठीत सांगायला लावा आणि मध्येच विचारा : 'येत कोण होते? शिंग कुणाचे? च कुणाला लावलास? हा शब्द काढला तर काय बिघडेल?' शेवटच्या प्रश्नाला मुलगा गप्प झाला, तर तो शब्द बहुधा जादाच आहे. भाकरी थापता थापता आईनेही हे विचारावे, इंग्रजीचे एक अक्षर आले नाही तरी चालेल.

या आठवड्यासाठी चार वाक्ये देतो. 'द रीझन फॉर द लॉस वॉज बिकॉज ऑफ द हेल.' 'हॅविंग मिल्क्ड द बफेलो, द कॅन वॉज टेकन टू द डेअरी.' 'शी केप्ट द मिल्क फॉर द कॅट इन अ स्टील पॉट.' 'स्टुडंट्स हू रीड ऑफन गेट गुड मार्क्स.' चौथ्या वाक्यातला 'ऑफन' दोन्हीकडे तोंड करून बसला आहे, तेव्हा ते दोन तऱ्हांनी सुधारता येईल. दोन्ही लिहा. उत्तरे पुढच्या अंकात.