फीला ६० दिवस, भेटीला तारखा

जमिनीचा मागतात तसा कोर्टात मुलाचाही ‘ताबा’च मागतात. शब्द वकिलांच्या तोंडी बसलेला आहे आणि त्याने बरेच नुकसान केले आहे. ताबा म्हटला की एकाचा आला, दुसऱ्याचा गेला. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच एका निकालात बजावले होते. अर्जांची भाषा मात्र तीच राहिली.

‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, पुढे बापाकडे’ हा हिशेब घटस्फोटाच्या वाटेवरच्या जोडप्याला कुणीतरी मामा-काका ऐकवतोच. तो अर्धाच खरा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे, असे म्हटले आहे. पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप बापाच्या घरी जाते, असे त्यात कुठेही नाही. उलट याच कायद्याच्या कलम १३ नुसार सगळ्यात वर आहे ते मुलाचे हित. नुसता पगार जास्त म्हणून बापाचे पारडे जड होत नाही, आणि नुसती आई म्हणून आईचेही नाही.

लहानग्यांच्या बाबतीत मात्र कायदा आईकडे झुकतो. गोव्यातल्या एका प्रकरणात २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल फिरवून सर्वोच्च न्यायालयाने मूल आईला दिले. आई नालायक आहे असे म्हणणे असेल तर ते बापाने सिद्ध करावे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मूल जाणते असेल तर त्यालाही विचारता येते. ही सोय १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून आहे. २००८ साली कोलकात्याच्या एका मुलाला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चेंबरमध्ये बोलावले. आई वारलेली, तिच्या मृत्यूप्रकरणी बापावर खटला. मुलाने बापाकडे जायचे नाही असे सांगितले आणि ते आजी-आजोबांकडेच राहिले.

हे झाले निकालाचे. निकालाच्या आधीची वर्षे कोण मोजतो?

नवराबायको वेगळे होतात तेव्हा मूल कुणा एकाबरोबर जाते. दुसरा भेटीसाठी अंतरिम अर्ज करतो. नोटीस बजावली जात नाही. बजावली तर समोरचा पक्ष ‘म्हणणे’ द्यायला मुदत मागतो. मग समुपदेशकांकडे पाठवणी, मग कोर्टाला सुट्टी, मग वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेले. पहिलीतले मूल तिसरीत जाते. अखेर सुनावणी होते तेव्हा न्यायाधीशांपुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की शाळेत, मित्रांत रुळलेले मूल आता उपटायचे का? ‘नको’ हे उत्तर मुलाच्या दृष्टीने बहुधा चुकीचेही नसते. पण मग निकाल दिला कुणी, कोर्टाने की कॅलेंडरने?

भेट मिळाली तरी ती शनिवारी दोन तास, कोर्टाच्या आवारातल्या खोलीत. बापाने डब्यातून लाडू आणलेला असतो. मुलगी तो हातात धरून दाराकडे बघत बसते, कारण दाराबाहेर आई उभी आहे. बाप शाळा, अभ्यास, ‘आजीची आठवण येते का’, सगळे दोन तासांत विचारून घेतो. मुलीच्या वाट्याला आणखी एक तोंडी परीक्षा.

उलटही घडते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली एक मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून बापाकडे होती. ती आठ वर्षांची झाली तरी आईबरोबर राहणे म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून तिला बापाकडेच राहायचे होते. न्यायालयाने ही ओढ जशीच्या तशी न धरता तिला काही काळ आईकडे पाठवले. निकाल शहाणपणाचा होता, फक्त तोवर बालपणाची सहा वर्षे उलटली होती.

वेळेचे हे मोल संसदेला कळत नाही असे नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण या तिन्ही गोष्टींविषयी आहे. २००१ साली त्याला एक परंतुक जोडले गेले. पोषण आणि शिक्षणाविषयीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे ते सांगते. म्हणजे शाळेची फी कुणी भरायची याला मुदत आहे. ‘शक्यतो’ म्हणजे किती, हे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना ठाऊक आहे, पण निदान वकिलाला बोट ठेवायला एक ओळ मिळते.

मुलाने दुसऱ्या पालकाला कधी भेटायचे, याला ती ओळही नाही. मूळ कलमात ताबा आहे, परंतुकात नाही. तिथे ‘ताबा आणि भेट’ हे शब्द घालायला नवा कायदा लागत नाही, एक छोटी दुरुस्ती पुरते. महाराष्ट्राच्या खासदारांपैकी कुणीतरी ते विधेयक मांडावे.