पोरकें कोणास म्हणावें?

गेल्या संक्रांतीस आम्ही शिरूरहून दौंडास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों होतों. हा गृहस्थ रेल्वेंत नोकरीस आहे. घरीं वृद्ध आई, पत्नी, स्वतःचीं दोन मुलें आणि थोरल्या भावाचा मुलगा, असा परिवार. भाऊ आणि भावजय दोघेंही २०२१ सालच्या करोनाच्या दुसऱ्या लाटेंत आठ दिवसांच्या अंतरानें गेलीं. मुलगा त्या वेळीं चार वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो काकाकडेच आहे.

पानावर गुळाच्या पोळ्या होत्या. घरच्या मुलीनें तूप कमी वाढलें म्हणून गाल फुगविले. धाकट्यानें अर्धी पोळी तशीच टाकून दुसरी गरम मागितली. पुतण्यानें मात्र वाढलें तेवढें खाल्लें आणि “पुरे, काकू,” म्हणून तो हात धुवावयास उठला. बाई कौतुकानें म्हणाल्या, “गुरुजी, हा फार गुणी आहे हो! इतक्या वर्षांत कधीं कशाचा हट्ट म्हणून केला नाहीं. कांहीं मागतच नाहीं.” आम्हींही त्याच्या पाठीवरून हात फिरविला, चार शब्द शाबासकीचे बोललों आणि निरोप घेतला.

परंतु परतीच्या वाटेवर, चौफुला मागें पडून न्हावरें आलें तरी, तें “पुरे, काकू” आमच्या कानांतून जाईना. कारण हे शब्द आमच्या ओळखीचे होते. एके काळीं ते आमचेच होते.

आमची आई आम्हांस आठवत नाहीं. वडील वारले तेव्हां आम्ही सात वर्षांचे होतों. शिरूरच्या काकांनीं, स्वतःचीं चार मुलें असतां, आम्हांस पांचवें म्हणून घरीं आणिलें. काका अबोल, काकू मायाळू. जेवणांत, कपड्यांत, मारांत कोठेंही पंक्तिप्रपंच झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आल्यागेल्याजवळ काकू आमची स्तुति करीत, कीं हा कांहीं मागत नाहीं. ती स्तुति आम्ही प्राणापलीकडे जपत होतों. पुढें चौथीच्या वर्गांत आम्हांस फळ्यावरचें दिसेनासें झालें. शेजारच्या मुलाच्या पाटींत पाहून आम्ही उतरून घेत असूं, आणि चुकलें कीं छडी खात असूं. दोन वर्षें हा प्रकार चालला. चष्म्यास पैसे पडतात हें आम्हांस ठाऊक होतें; म्हणून घरीं सांगितलें नाहीं. शेवटीं एका मास्तरांच्या ध्यानांत आलें आणि त्यांनीं काकांस निरोप धाडिला. त्या रात्रीं काकू आम्हांस पोटाशीं धरून रडल्या. “अरे, मी काय परकी होतें? मला कां नाहीं सांगितलेंस?” ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. तें आज, साठी उलटल्यावर, देण्याचा यत्न करीत आहों.

संस्कृतांत ‘नाथ्’ ह्या धातूचा एक अर्थ स्वामी असणें असा आहे आणि दुसरा याचना करणें असाही आहे. ज्याच्यापाशीं मागतां येतें तो नाथ, अशी सांगड आम्हीं आपल्यापुरती घालून घेतली आहे. वैयाकरणांस ती रुचली नाहीं तर त्यांनीं क्षमा करावी. ह्या हिशेबानें अनाथ म्हणजे ज्यास आईबाप नाहींत तो नव्हे. ज्यास हट्ट करावयास जागा नाहीं, तो अनाथ. भरल्या घरांत, दोन्ही वेळां पोटभर जेवणारें मूलही असें पोरकें असूं शकतें, आणि त्याचें पोरकेपण गुण म्हणून वाखाणलें जातें. आमच्या काकू परक्या नव्हत्या. परंतु त्या परक्या नाहींत हें आम्हांस कोणीं तोंडानें सांगितलें नव्हतें, आणि न मागण्याची स्तुति मात्र रोज होत होती.

नातलगांच्या घरीं वाढणाऱ्या मुलांचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. सारें महाभारतच त्यावर उभें आहे. पांडू गेला आणि पांच मुलें चुलत्याच्या घरीं आलीं. धृतराष्ट्रानें त्यांस अन्न, वस्त्र, विद्या, कांहीं कमी केलें नाहीं. तरी गीतेच्या आरंभीं तो संजयास प्रश्न करितो तेव्हां एका कुळाचे दोन भाग करूनच करितो: एक माझे, आणि दुसरे पांडूचे. त्या एका भेदांत पुढचें सर्व आलें. उलट, त्याच ग्रंथांत कुंतीनें माद्रीचीं मुलें सांभाळलीं. आणि यक्षानें एकच भाऊ जिवंत करीन म्हटल्यावर युधिष्ठिरानें नकुलास मागितलें, कीं त्या आईचाही एक पुत्र उरावा. जें घरांत पाहिलें, तेंच त्या प्रसंगीं त्याच्या तोंडून आलें.

जवळचें उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचें. १८७९ सालीं वडील वारले तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधु गोविंदराव शिक्षण सोडून कागलास दरमहा पंधरा रुपयांवर नोकरीस राहिले, आणि त्यांतले आठ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्यास पाठवूं लागले. चरित्रकार एक आठवण सांगतात. एका सोबत्यानें गोपाळास नाटकास नेलें आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळानें भावास कळविलें नाहीं. दिव्याचें तेल वांचवून, रस्त्यावरच्या कंदिलाखालीं अभ्यास करून त्यानें ते फेडले. ही गोष्ट आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत स्वावलंबनाचा धडा म्हणून सांगितली. आज वाटतें, त्या मुलाच्या मनांत काय असेल तें आम्हीं वर्गास एकदाही विचारिलें नाहीं. पंधरांतले आठ रुपये देणाऱ्या भावापाशींही दोन आणे मागावयास जीव धजावला नाहीं! भाऊ देवमाणूस होता, म्हणूनच धजावला नसेल. उपकार जितका मोठा, तितकी मुलाची जीभ जड होते. हें सांभाळणारांनीं ओळखावयास हवें.

आतां दुसरी बाजू. मुलानें मागावें असें म्हणणें सोपें. पण ज्याच्यापाशीं मागावयाचें, त्यालाही कोणापाशीं मागतां आलें पाहिजे. भीमेकांठच्या एका खेड्यांत आमच्या परिचयाची एक आजी दोन नातींस सांभाळते. दिवसा खुरपणीस जाते, रात्रीं थोरलीकडून धडा वाचून घेते. तिला कोणीं धान्य दिलें, कोणीं जुने कपडे दिले. पण कागद कोणीं करून दिला नाहीं. शाळेंत पालकाची सही कोणाची, बँकेंत खातें कोणाच्या नांवें, ह्यासाठीं तिनें दौंडास तीन खेपा घातल्या आणि तीन दिवसांची मजुरी बुडविली.

म्हणून सुशिक्षित घरांनीं पुढील गोष्टी माहीत करून घ्याव्या, आणि शेजारीं असें मूल असेल तर स्वतः बरोबर जाऊन कराव्या. राज्यशासनाची बालसंगोपन योजना आईबाप किंवा त्यांपैकीं एक गमावलेल्या मुलांसाठीं आहे. २०२३ सालच्या निर्णयानें तिची रक्कम दरमहा मुलामागें २२५० रुपये झाली, आणि योजनेस क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव देण्यांत आलें. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, आदेश बालकल्याण समिति देते. मृत्यूचे दाखले, आधारकार्ड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा आणि शाळेचा दाखला जमवून ठेवावा. अडचणीच्या वेळीं १०९८ हा क्रमांक फिरवावा.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९५६ च्या हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणें नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि त्याच्या मागें आई. आजी, काका, मामा मूल सांभाळीत असले तरी तेवढ्यानें मुलाची जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्यांस येत नाहीं. रीतसर पालकत्व हवें तर १८९० च्या कायद्याखालीं न्यायालयांतून घ्यावें लागतें. हें मुलाच्या रक्षणासाठीं आहे, नातलगांच्या अपमानासाठीं नव्हे. करोनांत दोन्ही आईबाप गेलेल्या मुलांच्या नांवें राज्यशासनानें २०२१ सालीं पांच लाखांची ठेव ठेविली. केंद्राच्या योजनेंतून तेवीसाव्या वर्षीं दहा लाख मिळावयाचे आहेत. ह्या ठेवींची वार्ता फुटतांच, ज्या घरांनीं आधीं पाठ फिरविली होती त्यांस एकाएकीं माया फुटली, असेंही आम्हीं ह्याच दोन तालुक्यांत पाहिलें आहे. ठेव मुलाची आहे, घराची नव्हे. आणि तें मुलाला कळत्या वयांत समजावून सांगणें, कागद दाखविणें, हेंही सांभाळणाराचें कर्तव्य आहे.

पोरकेपण मृत्यूनेंच येतें असेंही नाहीं. शिरूर-दौंडच्या उसाच्या फडांत दरवर्षीं बीडकडचीं जोडपीं कोयता घेऊन येतात, तेव्हां त्यांचीं किती मुलें पांचसहा महिने गांवीं आजीजवळ राहतात! नातें तुटून पडलें म्हणजे काय होतें, हेंही ह्या भागानें पाहिलें आहे. १८७४ च्या दुष्काळांत स्वतः आईबापांस मुकलेल्या पंडिता रमाबाईंनीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत, मध्यप्रांत आणि गुजराथ येथून आणिलेल्या निराधार मुली दौंड तालुक्यांतील केडगावींच सांभाळल्या. नातलगांचें दार बंद झालें तेथें संस्थेनें दार उघडलें, हें थोर कार्य होय. परंतु २०१५ चा बालन्याय कायदाही संस्था हा अखेरचा उपाय मानतो. पहिला उपाय घर. तें घर टिकवावयाचें तर मूल सांभाळणाऱ्या आजीस, काकूस, मामीस “कांहीं अडतें कां?” असें विचारणारें कोणी हवें. नाहीं तर ती मुलापरीसही पोरकी.

घरांतल्या मंडळींस आमचें एवढेंच मागणें आहे. “हा आमच्याकडे राहतो,” असें पाहुण्यास सांगूं नये. “हा आमचा,” म्हणावें. गेलेल्या आईबापांचें नांव घरांत मोकळेपणीं निघूं द्यावें, त्यांचें छायाचित्र मुलाच्या दृष्टीस पडेल असें लावावें. दोन भावंडांस नवे कपडे आणि तिसऱ्यास उतरलेले, असें एका सणासही होऊं देऊं नये. आणि न मागण्याबद्दल मुलाची स्तुति कधींही करूं नये. त्याला दर महिन्यास आपण होऊन विचारावें, तुला काय हवें. आणि “कांहीं नको” हें उत्तर पहिल्या खेपेस खरें मानूं नये.

हें सर्व आम्हीं आमच्या त्या दौंडच्या विद्यार्थ्यास पत्रानें कळविलें. आपण कोण एवढे शहाणे, अशी धाकधूकही होती. दीड महिन्यानें त्याच्या पत्नीचा फोन आला. स्वर जरा त्रासलेला होता. “गुरुजी, तुमच्या पत्रानें पहा काय झालें! काल यांनीं धाकट्यास बॅट आणिली, तर हा कोपऱ्यांत जाऊन बसला. मला पण हवी, म्हणाला. जेवलासुद्धां नाहीं. शेवटीं रात्रीं आठ वाजतां यांना पुन्हां दुकानांत जावें लागलें.”

आम्हीं त्या बाईंस म्हटलें, “वहिनी, मुलाची दृष्ट काढा. तो आज तुमच्या घरीं आला.”