दारिद्र्याचा दाखला

सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत हल्ली एक तक्रार वारंवार कानी पडते. ती अशी की, गरिबांसाठी काढलेल्या वैद्यकीय योजनेचे दार सरकारने आता सरसकट सर्वांना उघडले. तेव्हा ज्यांची ऐपत आहे तेही आत शिरणार आणि खऱ्या गरिबाच्या तोंडचा घास काढून घेणार. ह्या तक्रारीला पुस्ती म्हणून लगेच दुसरे वाक्य येते : पूर्वीही लोक कमी उत्पन्नाचे खोटे दाखले आणून फुकट शस्त्रक्रिया करवून घेतच होते, अशांना शासन करावयाचे सोडून सरकारने रेषाच पुसून टाकली! असे बोलणारे गृहस्थ बहुधा प्रामाणिक असतात, करदाते असतात, आणि त्यांच्या संतापात काही तथ्यही असते. तथापि त्यांचे निदान साफ चुकले आहे असे माझे मत आहे, आणि ते का चुकले हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९९ साली महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकांना तीन रंग दिले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळा, त्यापुढे १,००,००० पर्यंत केशरी, आणि त्याहून अधिक असेल तर पांढरा. हे रंग धान्यवाटपासाठी होते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ती राज्यभर पसरली, आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. ह्या योजनेसाठी नवे माप शोधण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. धान्याच्या दुकानातले रंगच रुग्णालयाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे केले. पिवळ्या वा केशरी पत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य, मूत्रपिंड बदलावयाचे झाल्यास अडीच लाखांपर्यंत. पांढऱ्या पत्रिकेला मात्र काही नाही. विदर्भ-मराठवाड्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पुढे पत्रिका पांढरी असूनही आत घेतले, हा एक मोठा अपवाद.

एक लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. १९९९ साली ठरलेला हा आकडा दोन तपे लोटल्यावर, २०२३ सालीही, जसाच्या तसा होता. दरम्यान घरभाडे वाढले, डाळ-तेल महागले, शस्त्रक्रियांचे दर कोठच्या कोठे गेले. रेषा तेवढी जागची हलली नाही. परिणामी महिना दहा हजारांवर रात्रभर दुसऱ्यांच्या इमारतीची राखण करणारा पहारेकरी सरकारदरबारी सधन ठरला! अखेर २०२३ च्या जुलैमधील शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना ह्या योजनेत घेतले, संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवर नेली, आणि २०२४ च्या जुलैपासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनेही सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्न न विचारता, आपल्या आयुष्मान योजनेत घेतले. बैठकीतल्या तक्रारीचा रोख आहे तो ह्या बदलावर.

ह्या प्रश्नाकडे मीही एके काळी त्याच बैठकीतून पाहत होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात कंत्राटावर काम करणारे एक लेखनिक माझ्याकडे आले. पगार महिना १०,५००. म्हणजे वर्षाचे १,२६,०००. पत्नीच्या हृदयाची झडप बदलावयाची होती आणि शिधापत्रिका पांढरी होती. पगार आठ हजार असल्याचे पत्र मिळाले तर पुढचे काम होईल, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. मी नकार दिला. सत्याविषयी चार शब्दही ऐकवले, आणि त्या रात्री मला स्वतःविषयी बरेच चांगले वाटले हे कबूल करतो. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले, बायकोच्या बांगड्या मोडल्या आणि शस्त्रक्रिया करवली. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच गल्लीतल्या एका दुकानदाराची पत्नी होती. दुकान बरे चालणारे, पण उत्पन्नाची नोंद कोठेच नसल्यामुळे पत्रिका केशरी. तिचे देयक शून्य आले. पुढे भेटले तेव्हा लेखनिक एवढेच म्हणाले, “सर, माझा पगार बँकेत जमा होतो, हीच माझी चूक.”

खोटे पत्र दिले नाही ह्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप होतो तो ह्याचा, की नकार देताच आपले कर्तव्य संपले असे मी मानले. ज्या नियमाने एका सरळ माणसाला असले पत्र मागण्यास माझ्या दारी आणले, त्या नियमाविरुद्ध मी एक ओळही लिहिली नाही.

आता मुद्द्याकडे वळू. उत्पन्नाची रेषा गरीब आणि श्रीमंत ह्यांना वेगळे करते, हा पहिला भ्रम. ती वेगळे करते ज्यांचे उत्पन्न दिसते त्यांना आणि ज्यांचे दिसत नाही त्यांना. नोकरदाराचा पगार कागदावर असतो. दुकानदाराची विक्री, दलालाची दलाली, घरमालकाने रोख घेतलेले भाडे हे ज्याने त्याने सांगावे आणि तलाठ्याने लिहून घ्यावे. अशा ठिकाणी रेषा ओढली की तिचा जाच नेमका खरे सांगणाराला होतो. कायद्याने खोटेपणाला दंड ठेवला असेल. व्यवहारात दंड भरतो तो खरेपणा.

दुसरा भ्रम असा की, खोटे दाखले हे लोकांच्या नीतिभ्रष्टतेचे लक्षण आहे. इतिहास निराळे सांगतो. १९३१ साली इंग्लंडात बेकारांना मदत देण्यापूर्वी घरातल्या सर्वांची कमाई मोजण्याचा नियम आला. मुलाची मजुरी बापाच्या मदतीतून वजा होऊ लागली, आणि कर्ती मुले घर सोडून दुसरीकडे राहू लागली, निदान दुसरा पत्ता सांगू लागली. आपल्याकडे शिधापत्रिकेवरून कमावत्या मुलाचे नाव कमी करून वेगळी पत्रिका काढणारी कुटुंबे काय निराळे करीत होती? चूल एक, कागद दोन. इंग्रज मजूर आणि मराठी कारकून ह्यांना एकच युक्ती सुचावी, ह्यात दोघांच्या रक्तातला दोष शोधण्याऐवजी दोघांना लावलेला नियम तपासणे शहाणपणाचे. इंग्लंडने तो तपासला. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात कोणाचीही मिळकत विचारावयाची नाही असे ठरले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ साली, आपल्या देशातही सर जोसेफ भोर यांच्या समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व स्वच्छ शब्दांत मांडले होते.

तिसरा दोष सर्वांत मोठा. रेषा माणसाची मिळकत पाहते, त्याचा आजार पाहत नाही. वर्षाला दोन लाख मिळवणारा निरोगी माणूस आणि तेवढेच मिळवून त्यातले दीड लाख औषधांवर घालवणारा माणूस, हे दोघे तिच्या लेखी सारखे. अमेरिकेसारख्या, गरिबाला दयामाया दाखवण्याविषयी फारशी ख्याती नसलेल्या देशातही हा फरक कायद्याला कळतो. १९६५ साली तेथे सुरू झालेल्या मेडिकेड योजनेत अनेक राज्यांनी अशी सोय ठेवली आहे की, मिळकत मर्यादेबाहेर असली तरी तीतून वैद्यकीय खर्च वजा करावा, आणि बाकी मर्यादेखाली आली तर त्या माणसाला आत घ्यावे. ही व्यवस्था निर्दोष नाही. मदतीसाठी आधी कफल्लक व्हावे लागते, ही तिची क्रूर बाजू आहे. तरी आजाराने माणूस गरीब होतो, एवढे साधे सत्य तिला मान्य आहे. आपल्या रेषेला ते कधीच मान्य नव्हते.

ह्यावर आक्षेप येईल : रेषा काढली तर पैसेवाले गर्दी करतील. मी उलट विचारतो, की ज्याची खाजगी खोलीची ऐपत आहे तो योजनेच्या खाटेसाठी कागद घेऊन कितीसा रांगेत उभा राहील? गर्दी झालीच, तर ती पहारेकऱ्यांची, लेखनिकांची आणि शिक्षकांच्या म्हाताऱ्या आईबापांची होईल. आणि तिच्यावर उपाय खाटा वाढवणे हा आहे, माणसे कमी करणे हा नव्हे. योजनेचा पैसा गळतो हेही मी नाकारीत नाही. परंतु तो गळतो तेथे, म्हणजे रुग्णालयाच्या देयकात, तपासणी हवी; रुग्णाच्या शिधापत्रिकेवर नको.

शिवाय सरकारच्या मदतीची लाज आपण तरी कोठे बाळगतो? सरकारी अधिकाऱ्याला औषधोपचाराच्या खर्चाची भरपाई मिळते. त्याचा पगार फार आहे म्हणून कोणी ती अडवीत नाही. जुन्या पद्धतीने आयकर भरणाराला आरोग्यविम्याच्या हप्त्यावर सूट मिळते. हा पैसाही सरकारी तिजोरीतलाच. आपल्याला मिळते ती सवलत आणि पहारेकऱ्याला मिळते ती खिरापत, हा शब्दभेद कोणत्या न्यायशास्त्रात बसतो?

आणि ही लढाई संपलेली नाही. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी आणखी १० टक्के सवलतीने ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने लागू झाली. तेथे उत्पन्नाची रेषा आजही आहे : निर्धनांसाठी वार्षिक १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,०००. महिना एकतीस हजार मिळवणाऱ्या घरात कर्करोग शिरला, तर वर्षाची मिळकत काही आठवड्यांत संपते. पण तहसीलदाराचा दाखला त्याला सधनच म्हणणार. ही रेषा आज पुसता येत नसेल, तर निदान तिच्यातून आजाराचा खर्च वजा करण्याचा नियम करावा. त्यासाठी रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज दाखल्याला जोडला तरी पुरे.

बैठकीतल्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. खोट्या दाखल्यांचा तुम्हांला खरोखरच तिटकारा असेल, तर दाखल्यावाचून जेथे काम भागत नाही त्या जागा कमी करण्यास हातभार लावा. माझ्याकडे आलेल्या त्या लेखनिकांना खोटे बोलावयाचे नव्हते. त्यांना पत्नी वाचवावयाची होती. ह्या दोहोंतून एक निवडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आणणाऱ्या नियमाची बाजू मी ह्यापुढे घेणार नाही.