खेळ झालाच पाहिजे! पण कुणाच्या जिवावर?

नाटकवाल्यांच्या तोंडी एक वाक्य पिढ्यान् पिढ्या खेळत आले आहे : “काही झाले तरी खेळ झालाच पाहिजे!” ते उच्चारणाऱ्याची छाती फुगते आणि ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. सत्कारसमारंभात हे वाक्य आले नाही तर सत्कारमूर्तीला आपला सत्कार अपुरा झाल्यासारखे वाटते. दिवाळीच्या मंगल दिवसांत, फराळाचे ताट जरा बाजूला सारून वाचकांनी हा अंक हाती घेतला असताना, मी नेमक्या याच वाक्यावर हत्यार उपसणार आहे. गेली पस्तीस वर्षे नाटके लिहिण्याच्या निमित्ताने मी पडद्यामागे वावरतो आहे. तेथे या वाक्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्यानंतर मला ते मुकाट्याने ऐकून घेणे जमत नाही.

या वाक्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. दुःख गिळून ते रंगभूमीवर उभे राहिले आणि प्रयोग झाला. त्या धैर्यापुढे मीही हात जोडतो. परंतु त्या दिवसाचा दाखला देऊन आज जो तो अंगात ताप घेऊन विंगेत उभा राहू लागला, तर मला बोलणे भाग आहे. बालगंधर्वांचे दुःख त्यांचे एकट्याचे होते. शेजारी उभ्या असलेल्या नटाला ते जडणारे नव्हते. शोक संसर्गजन्य नसतो, ताप असतो. एवढा साधा भेद आपल्या नाट्यप्रेमी बुद्धीला कळू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते.

दुसरे उदाहरण परदेशातले आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते. ज्याच्या प्रहसनांची रूपांतरे मराठी प्रेक्षकांनी पोट धरधरून हसत पाहिली, तो मोलिएर १७ फेब्रुवारी १६७३ रोजी पॅरिसमध्ये एका भ्रामक रोग्याची भूमिका करीत होता. भूमिका भ्रामक रोग्याची. करणारा मात्र छातीच्या विकाराने खरोखरीच पोखरलेला. जवळच्या माणसांनी विनविले की आजचा खेळ राहू द्या. त्याचा चरित्रकार ग्रिमारे सांगतो की यावर मोलिएरने त्यांनाच उलट विचारले : रोजच्या मजुरीवर जगणारे पन्नास गरीब कामगार माझ्यापाशी आहेत, खेळ झाला नाही तर त्यांनी करायचे काय? खेळ झाला. प्रयोगातच त्याला उबळ आली आणि त्याच रात्री तो वारला.

पाहा, साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या शहाण्या माणसाने दुखण्याचे मूळ अचूक दाखवून दिले होते! ‘खेळ झालाच पाहिजे’ या वाक्याला आपण कलेच्या निष्ठेची शाल पांघरली आहे. शाल जरा बाजूला करा; खाली रोजंदारीचा फाटका सदरा दिसेल.

आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांना आपण ‘बिऱ्हाडी कारभार’ म्हणून हसतो. पण त्या कारभारात पगार महिन्याचा असे आणि पंगत मंडळीच्या बिऱ्हाडी असे. एखाद्याला ताप आला तर तो कोपऱ्यात घोंगडी घेऊन पडे आणि त्याच्या वाट्याची पेज चुलीवर शिजे. पुढे मंडळ्या मोडल्या आणि ‘नाईट’ आली. ज्या रात्री खेळ, त्या रात्रीचे पैसे. नावाजलेल्या नटाचे यात फारसे बिघडले नाही. त्याच्या गाठीला काही असते. परंतु नेपथ्याचे फ्लॅट उभे करणारा, दिवे लावणारा, ध्वनी सांभाळणारा, विग बसवणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, बसच्या टपावर सामान चढवणारा – या सगळ्यांच्या घरची चूल त्या एका नाईटवर पेटते. त्यांना आजारी पडण्याची सवड नाही.

आणि अशा या व्यवस्थेवर २०२० साली साथ येऊन आदळली. मुंबईतील १८९६ च्या प्लेगानंतर जो साथरोग कायदा १८९७ साली झाला, तोच १२३ वर्षांनी पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि मार्चच्या मध्यावर नाट्यगृहांना कुलपे लागली. ती उघडण्याची परवानगी मिळाली ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे ऐन मराठी रंगभूमी दिनी; तीही निम्म्या खुर्च्यांपुरती. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलपे. २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्म्या खुर्च्या. १ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या तोंडावर, सारे निर्बंध उठले. तमाशाच्या फडांचे जत्रांचे हंगाम बुडाले ते वेगळेच. त्या काळात नाट्य परिषदेने आणि काही कलावंतांनी पडद्यामागच्या मंडळींना मदत केली. राज्य शासनाने २०२१ मध्ये एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचे ठरवले. त्या मदतीला मी नावे ठेवणार नाही. पण मदत ही मदत असते, हक्क वेगळा.

नाट्यगृहे बंद ठेवणे हा उपाय काही नवा नाही. शेक्सपिअरच्या लंडनातदेखील प्लेगाच्या बळींचा आठवड्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की नाटके बंद होत. मग मंडळ्या गाठोडी बांधून गावोगाव खेळ करीत हिंडत. पोटाची सोय न करता काढलेला हुकूम रोगाला थांबवीत नाही, त्याला फक्त प्रवासाला पाठवतो!

आता कुलपे उघडल्यानंतरच्या नियमांचे काय झाले ते ऐका. मुखपट्टी लावा, अंतर ठेवा, हात धुवा, दाराशी ताप मोजा, आजारी असाल तर येऊ नका. नियम उत्तम होते. डिसेंबर २०२१ मध्ये मी एका नाटकाबरोबर दौऱ्यावर होतो. कोणते नाटक आणि कोणती संस्था, हे सांगण्यात अर्थ नाही. कोणतीही घ्या, चित्र हेच. कपडेपट सांभाळणारा विशीतला मुलगा बसमध्ये कुडकुडत बसला होता. नाट्यगृहाच्या दाराशी मात्र त्याचा ताप भरला नाही. मी नंतर त्याला गाठले, तेव्हा तो म्हणाला, “सर, निघायच्या आधी गोळी घेतली. आज आलो नाही तर नाईट गेली. वर माझ्या जागी दुसरा आला की पुढचे दौरेही गेले.” त्याने त्या रात्री अकरा जणांना कपडे चढवले. चौथ्या दिवशी त्यांतले तिघे अंथरुणाला खिळले आणि पुढचे दोन प्रयोग रद्द झाले.

त्या मुलाला मी बेजबाबदार म्हणू? मला तरी ते धाडस होत नाही. ‘आजारी असाल तर येऊ नका’ असे भिंतीवर लिहायचे आणि न येणाऱ्याचे पैसे कापायचे, हा प्रामाणिकपणावर बसवलेला दंड आहे. दंड ज्याला परवडतो तोच खरे बोलतो.

दुसरी गंमत हवेची. कोविड मुख्यतः हवेतून पसरतो, हे आज सर्वमान्य आहे. त्या वेळी आपण मात्र खुर्च्यांवर फवारे मारीत होतो. प्रेक्षागृहाच्या छताकडे पाहा, केवढे उंच! आणि रंगपट? मी पाहिलेल्या कितीतरी रंगपटांत खिडकी असते, पण ती कपाटाने झाकलेली. पंखा असतो, पण तो नुसता गरगरणारा. तेवढ्या खोलीत आठ माणसे आरशापुढे बसणार, एकच स्पंज तीन गालांवरून फिरणार आणि एकाच्या शर्टातून काढलेला माईक घामासकट दुसऱ्याच्या शर्टात जाणार. अनेक गावांतील नाट्यगृहे नगरपालिकांच्या, महापालिकांच्या मालकीची आहेत. दर्शनी भागाला संगमरवर लावताना त्यांना पैसे मिळतात. मग रंगपटात हवा बाहेर फेकणारा एक पंखा बसवताना तिजोरीला कुलूप का लागते?

कोणी म्हणेल, नियमांनी नाटक मरते. तर अमेरिकेतील ब्रॉडवेकडे पाहू. १२ मार्च २०२० रोजी बंद पडलेली तेथील रंगभूमी २०२१ मध्ये उघडली ती लस, मुखपट्टी आणि पडद्यामागच्या नियमित चाचण्यांसह. त्या डिसेंबरात ओमायक्रॉनची लाट आली. ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेची नायिका सटन फॉस्टर चाचणीत बाधित निघाली. २३ डिसेंबरला तिची भूमिका कॅथी वॉइटको हिने केली. एकाच नाटकातील अनेक भूमिका तयार ठेवणारे जे नट तेथे असतात, त्यांपैकी ती एक. नायक ह्यू जॅकमन याने प्रयोगानंतर रंगमंचावरूनच तिचा आणि अशा सर्व बदली कलाकारांचा गौरव केला. काही दिवसांनी तो स्वतः बाधित झाला, तेव्हा त्यांनी काही प्रयोग सरळ रद्द केले. म्हणजे जमेल तेव्हा बदलीने खेळ करायचा आणि जमत नसेल तेव्हा पडदा खाली ठेवायचा. आजारी माणसाला कोणी उभे केले नाही आणि रंगभूमी काही बुडाली नाही.

“त्यांच्याकडे पैसा आहे हो!” हे उत्तर माझ्या कानांवर आत्ताच आदळते आहे. मान्य. आपल्या निर्मात्याचा एक प्रयोग रद्द झाला की भाडे, जाहिरात, बस असा सगळा खर्च अंगावर येतो, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून मी एकट्या निर्मात्याकडे बोट दाखवत नाही. हिशेब प्रेक्षकांपुढे मांडतो. समजा, एका प्रयोगाची ६०० तिकिटे गेली आणि प्रत्येक तिकिटामागे ५ रुपये ‘आजारनिधी’ म्हणून बाजूला काढले. एका प्रयोगाचे झाले ३,००० रुपये. रोज काही तिघे आजारी पडत नाहीत. पण पडले, तरी प्रत्येकाला हजार रुपये घरपोच मिळतील. मध्यंतरातल्या बटाटावड्याला आपण याहून जास्त मोजतो आणि कुरकुरत नाही. कामगार राज्य विमा योजनेखाली कारखान्यातल्या आजारी कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. ही दया आहे असे कोणी म्हणत नाही. मग फ्लॅट उचलणाऱ्या खांद्यांनी काय घोडे मारले आहे?

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आणि रोखठोक आहेत. जो आजारी म्हणून घरी राहील त्याची नाईट त्याला मिळावी आणि त्याची जागा त्याच्यासाठी राखली जावी. प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेला आणि प्रत्येक तांत्रिक कामाला एक बदली माणूस तयार असावा व त्याच्या तालमीचे पैसे त्याला मिळावेत. रंगपटात हवा खेळावी. स्पंज ज्याचा त्याला असावा, माईक पुसल्याशिवाय हातोहात फिरू नये. पुढची साथ कधी येईल हे पंचांगात छापलेले नसते. आज रंगपट निर्धास्त आहेत, म्हणूनच ही कामे आजच व्हायला हवीत.

आणि वाचकहो, आपल्याकडेही थोडे मागणे आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपण मुलाबाळांसह नाटकाला जाल. जरूर जा. घरात कोणी खोकत असेल तर त्याला मात्र घरीच ठेवा. प्रयोग संपल्यावर फोटोसाठी रंगपटात गर्दी करू नका. एखाद्या दिवशी दारावर ‘प्रकृतीच्या कारणास्तव प्रयोग रद्द’ अशी पाटी दिसली, तर खिडकीतल्या माणसावर तोंडसुख घेऊ नका; पैसे परत घ्या आणि पुढच्या तारखेला या. त्या पाटीचा अर्थ एवढाच की आत कोणीतरी खरे बोलले आणि त्याला खरे बोलू दिले गेले. ज्या रंगभूमीवर अशी पाटी लावायला निर्माता कचरणार नाही आणि ती वाचून प्रेक्षक चिडणार नाही, तिथला खेळ मी तिकीट काढून, रांगेत उभा राहून, आनंदाने पाहीन.